घरबसल्या गिटार आणि गुरूचा प्रश्न

घरबसल्या गिटार शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात शिक्षकाची जागा पुस्तक, ध्वनिफीत, टपालाने येणारे पाठ किंवा मोबाईलवरची चित्रफीत घेते. पाठ क्रमाने लावलेले असतात: आधी वाद्य मांडीवर कसे धरावे, मग सहा तारा कशा जुळवाव्यात, मग एकेका तारेवरचे स्वर, नंतर दोन-तीन सोप्या कॉर्ड आणि शेवटी पूर्ण गाणे. शिकणारा आपल्या सवडीने, आपल्या खोलीत, एकट्याने हा क्रम चालतो. सोय मोठी आहे. पण ज्या परंपरेत विद्या गुरुमुखातूनच घ्यायची असते असे मानले गेले, त्या परंपरेत वाढलेल्या माणसापुढे या सोयीबरोबर एक जुना प्रश्न येतो. गुरूवाचून विद्या मिळते का? मिळाली तर ती पुरी असते का?

स्वतःच शिकण्यासाठी लिहिलेली पुस्तके नवी नाहीत. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे १५३६ साली लुईस मिलान याने ‘एल माएस्त्रो’ हे पुस्तक छापले. ते गिटारच्या पूर्वजांपैकी एक असलेल्या विहुएला या वाद्यासाठी होते. नवशिक्या विद्यार्थ्याला शिक्षक ज्या क्रमाने शिकवील त्याच क्रमाने, सोप्याकडून अवघडाकडे, त्यात रचना दिल्या आहेत. स्वरलेखनाची पद्धतही सुटसुटीत होती: प्रत्येक तारेसाठी एक आडवी रेघ आणि त्या रेघेवर बोट कोणत्या पडद्यावर ठेवायचे त्याचा आकडा. आज गिटारच्या बहुतेक पाठांत दिसणारी टॅब याच पद्धतीची वारस आहे. इंग्लंडमध्ये १९५७ साली बर्ट वीडन यांचे ‘प्ले इन अ डे’ निघाले आणि पुढे नामांकित झालेल्या अनेक वादकांनी त्यावरूनच पहिल्या कॉर्ड गिरवल्या. विसाव्या शतकात अभिजात गिटारला मैफलीत मानाचे स्थान मिळवून देणारे आंद्रेस सेगोव्हिया हे बहुतांशी स्वशिक्षित होते. तेव्हा गुरूविना गिटार येऊच शकत नाही, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

तरीही प्रश्न उरतो, कारण भारतीय परंपरेचे म्हणणे निराळ्या स्वरूपाचे आहे. मुंडकोपनिषद सांगते की ज्ञान हवे असणाऱ्याने हातात समिधा घेऊन गुरूकडे जावे, आणि तो गुरू शास्त्र जाणणारा व ब्रह्माच्या ठायी स्थिर झालेला असावा. संगीताने हाच आदर्श उचलला. कोल्हापुरात त्याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण उस्ताद अल्लादिया खाँ यांचे आहे. शाहू महाराजांच्या दरबारी ते १८९५ च्या सुमारास गायक म्हणून रुजू झाले आणि महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, कोल्हापूर हेच त्यांचे मुख्य ठिकाण राहिले. जयपूर-अत्रौली गायकीचा विस्तार येथून झाला. १९४६ साली खाँसाहेब गेले, पण त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका आज कोणाला ऐकता येत नाही. जे उरले ते मंजी खाँ व भुर्जी खाँ या मुलांच्या, केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांच्या, आणि पुढे मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारख्या गवयांच्या गळ्यात उरले. यातली एकही गोष्ट पुस्तकातून आलेली नाही. शिष्याने समोर बसून ऐकायचे, गायचे, चुकायचे, पुन्हा ऐकायचे, आणि हे वर्षानुवर्षे करायचे. केवळ माणसामार्फत चाललेली विद्या कोणत्याही लिखित आधाराविना टिकते, याचा हा पुरावा आहे.

याच मुलखात दुसरा पुरावाही आहे आणि तो विरुद्ध दिशेचा आहे. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडचा, म्हणजे आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातला. ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे अगदी जुन्या रीतीने शिकले. पण ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले तेव्हा वर्ग, इयत्ता, परीक्षा आणि स्वरलिपीची छापील पुस्तके यांचा मार्ग धरला. मुंबईत पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांत दडलेल्या शेकडो बंदिशी मिळवून स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तक मालिका’ म्हणून प्रसिद्ध केल्या. पलुस्करांच्या पश्चात १९३१ साली स्थापन झालेल्या आणि मिरजेला मुख्यालय असलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना पुढे गावोगावचे विद्यार्थी बसू लागले. चीज कागदावर उतरवणे म्हणजे विद्या उघड्यावर टाकणे, असे त्या काळी अनेक उस्तादांना वाटे. पलुस्कर व भातखंडे यांना उलट वाटत होते की जी विद्या कागदावर येणार नाही ती थोड्यांचीच राहील. घरबसल्या गिटारचा पाठ हे त्यांच्याच विचाराचे दूरचे फळ आहे.

या दोन पुराव्यांचा मेळ घालायचा तर ‘गुरू’ नावाखाली एकत्र आलेली निरनिराळी कामे आधी वेगळी केली पाहिजेत. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात हे काम फार नेमकेपणाने केले आहे. लोक कोणाकोणाला गुरू म्हणतात याची गणती करताना त्यांनी सतरा प्रकार सांगितले. त्यांत मंत्रगुरू आहे, विद्यागुरू आहे, वस्तादगुरूही आहे. या सगळ्यांहून सद्गुरू वेगळा, कारण तो आत्मज्ञान देतो. म्हणजे कला शिकवणाऱ्याचा मान समर्थ नाकारत नाहीत, पण मोक्ष देणाऱ्याचा अधिकारही त्याला देत नाहीत. गिटारच्या बाबतीत प्रश्न वस्तादगुरूचा आहे. सद्गुरूवरची निष्ठा वस्तादावर लादली की शिकवणाऱ्याचा अहंकार वाढतो आणि शिकणाऱ्याची विचारशक्ती मंदावते. वस्तादाची गरजच नाही म्हटले की हाताला चुकीचे वळण लागते.

गुरू कोण असू शकतो, याची सर्वांत मोकळी कल्पना भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे. यदुराजाला एक अवधूत भेटतो आणि आपण चोवीस गुरू केल्याचे सांगतो: पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, अजगर, भुंगा, हरिण, कुमारी, बाण घडवणारा कारागीर, कोळी आणि असे आणखी. परंपरा या अवधूताला दत्तात्रेय मानते. एकनाथांनी १५७३ साली काशीत पुरे केलेले एकनाथी भागवत याच स्कंधावरचे आहे, म्हणून ही कथा मराठी घराघरांत माहीत आहे. ज्या नृसिंहवाडीत श्रीनृसिंहसरस्वतींनी बारा वर्षे वास्तव्य केले असे दत्तभक्त मानतात, ती कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची वाडी कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. तेथे पादुकांची पूजा होते, गुरुचरित्राचे पारायण होते, गुरुसेवेचा महिमा सांगितला जातो. आणि त्याच दैवताच्या तोंडी परंपरेने अजगर व कोळी यांना गुरू म्हणण्याची भाषा घातली आहे. गुरुभक्ती आणि स्वतः पाहून शिकणे यांत विरोध नाही, असे दत्तसंप्रदायाने कृतीतून सांगितले आहे.

अवधूताच्या कथेतली महत्त्वाची गोष्ट अशी की पृथ्वीने किंवा भुंग्याने त्याला काहीही शिकवले नाही. ते आपापले काम करत होते. शिकणे सर्वस्वी पाहणाऱ्याकडून घडले. प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या बळावर मनुष्य स्वतःच स्वतःचा गुरू होऊ शकतो, असे भागवत म्हणते, आणि एकाच गुरूकडून मिळालेले ज्ञान पुरेसे भक्कम होत नाही असेही म्हणते. घरबसल्या अभ्यासक्रमाला याहून मोठे समर्थन मिळणार नाही. पण हे समर्थन अटींसह येते. बाण सरळ करण्यात गुंतलेल्या कारागिराला शेजारून गेलेली राजाची मिरवणूक कळली नाही. अवधूताने त्याच्याकडून एकाग्रता घेतली. धान कांडताना बांगड्यांचा आवाज होऊ नये म्हणून कुमारीने हातात एकेकच बांगडी ठेवली; तिच्याकडून त्याने एकांत घेतला. मध साठवणाऱ्या माशीचा मध दुसराच घेऊन जातो. तिच्याकडून संग्रह न करण्याचे शहाणपण घेतले. गोड गाण्याला भुललेले हरिण पारध्याच्या जाळ्यात सापडते. त्यावरून सावधपणा घेतला. मोबाईलमध्ये शंभर पाठ साठवून एकही पुरा न करणाऱ्याला, आणि एका चित्रफितीवरून दुसरीवर उड्या मारणाऱ्याला, या चौघांनी सांगितलेले ऐकण्यासारखे आहे. गुरू समोर नसला तर शिष्यत्वाचा भार दुप्पट होतो.

अटी पाळूनही एक उणीव राहते, आणि ती कोठे राहते हे गिटारच्या एका ठिकाणी नीट दिसते. नवशिक्याला अडवणारी पहिली मोठी कॉर्ड म्हणजे एफ मेजर. तर्जनी पहिल्या पडद्यात सहाही तारांवर आडवी टेकवायची, मधले बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या पडद्यात, अनामिका पाचव्या आणि करंगळी चौथ्या तारेवर तिसऱ्या पडद्यात. पाठात आकृती असते आणि ‘तर्जनी घट्ट दाबा’ अशी सूचना असते. शिकणारा दाबतो. एक-दोन तारा खर्र वाजतात किंवा मुक्या राहतात. तो आणखी दाबतो. अंगठा दुखतो, मनगट वाकते, तार तशीच खरखरते. बहुतेक वेळा दोष जोराचा नसतो. तार नेमकी तर्जनीच्या पेराच्या घडीत गेलेली असते. बोट किंचित कुशीवर वळवले, पडद्याच्या धातूच्या पट्टीजवळ सरकवले आणि कोपर अंगाजवळ आणले की कमी जोरात स्वर स्वच्छ निघतो. समोर बसलेला शिक्षक हे क्षणात पाहतो आणि कोपराला हात लावून जागा दाखवतो. पुस्तकालाही ही युक्ती माहीत असू शकते. पण या विद्यार्थ्याला ती आत्ता हवी आहे, हे पुस्तकाला कळत नाही.

प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लेखनाबद्दल हीच तक्रार करतो. लिहिलेल्या मजकुराला प्रश्न विचारला तर तो तेच ते सांगत राहतो. समोर कोण आहे हे त्याला समजत नाही. चित्रफीतही बोलते, पण ऐकत नाही. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद हौदाच्या कडेला बसून असतो तो याच कामासाठी. डाव पोराला माहीत असतो, जोरही त्याचाच असतो. पाय कोठे चुकला हे बाहेरच्या डोळ्याला दिसते. गिटारलाही असा बाहेरचा कान लागतो. स्वतःच्या चुकीची सवय झाली की ती चूक स्वतःला ऐकू येईनाशी होते, आणि घरबसल्या शिक्षणाचा खरा धोका हाच आहे.

स्वाध्यायाचा आदर्श म्हणून एकलव्याचे नाव घेतले जाते. महाभारताच्या आदिपर्वातली ती कथा खरोखर नाकारलेल्या विद्यार्थ्याची आहे. द्रोणांनी शिकवले नाही, म्हणून त्याने मातीची मूर्ती करून तिच्यापुढे सराव केला आणि अर्जुनाला अस्वस्थ करील इतका तो तयार झाला. मग गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा गेला. निष्ठा आणि सराव यांवर विद्या साधते, एवढे या कथेतून सिद्ध होते. त्याहून ठळकपणे हे सिद्ध होते की गुरूचे दार सगळ्यांना उघडे नव्हते. जात, स्त्रीत्व, पैसा, घराणे, अंतर यांपैकी कशाने ना कशाने ते दार अनेकांना बंद राहिले. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या सरकारी जागा राखून ठेवल्या, तेथे हा मुद्दा दुय्यम मानता येणार नाही. ज्या गावात गिटारचा शिक्षक नाही, किंवा आहे पण त्याची फी परवडत नाही, तेथील मुलीला एक पुस्तक आणि एक फोन हेच दार आहे. कमी दर्जाचे म्हणून त्याला हिणवणे म्हणजे द्रोणांचा नकार पुन्हा उच्चारणे होय.

मूळ प्रश्नाचे सर्वांत समतोल उत्तर छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकाम जाबालाच्या कथेत मिळते. गुरू हारिद्रुमत गौतमांनी त्याच्याकडे चारशे रोडक्या गाई सोपवल्या. त्यांच्या हजार होईपर्यंत परतायचे नाही असे ठरवून तो रानात गेला. परतीच्या वाटेवर बैल, अग्नी, हंस आणि पाणकोंबडा यांनी त्याला ब्रह्माचा एकेक पाद सांगितला. आश्रमात पोचला तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच गौतमांनी ओळखले आणि विचारले, तुला कोणी शिकवले? मनुष्यांहून वेगळ्यांनी, असे त्याने सांगितले. पण तुम्हीच मला सांगा, कारण आचार्याकडून जाणलेली विद्याच उत्तम फळते असे ऐकले आहे. गौतमांनी त्याला तीच विद्या सांगितली. त्यात काही उणे राहिले नाही. रानातले ज्ञान खोटे ठरले नाही आणि आचार्याने नवे काही घातले नाही. तरी सत्यकामाला ते एका जाणत्या माणसापुढे मांडावेसे वाटले, कारण जाणत्याने पारखून घेतल्यावाचून आपले ज्ञान पुरे झाले असे त्याने मानले नाही.

घरी शिकणाऱ्याने करायचे तेही हेच आहे. एक अभ्यासक्रम निवडून तो शेवटपर्यंत न्यावा. लय मेट्रोनोमवर संथ ठेवावी आणि हात स्वच्छ वाजू लागल्यावरच वाढवावी. आपले वाजवणे ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे, म्हणजे स्वतःचाच कान काही अंशी परका होतो. आणि वर्षातून काही वेळा तरी गिटार घेऊन एखाद्या जाणत्यापुढे बसावे, मग तो शहरातला शिक्षक असो, चर्चमध्ये वाजवणारा असो की शेजारच्या गावातला जुना वादक असो. गुरूविना गिटार सुरू करता येते, पुष्कळ दूर नेताही येते. पण आपले वाजवणे दुसऱ्या कानाने पारखले जात नाही तोवर ते अपुरे असते. ज्याला घरातून शिकणे भाग आहे त्याने संकोच न करता घरातूनच शिकावे, आणि ज्याला वाजवता येते त्याने असा विद्यार्थी दाराशी आला तर त्याला परत पाठवू नये.