अस्सल कागद

चित्र टिकावे ही हौस आम्हा रामटेककरांना निदान दीड हजार वर्षांची आहे. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आमचाच गड, असा निर्वाळा महामहोपाध्याय मिराशींनी दिल्यापासून तिथला यक्ष आमचा गाववाला झाला. (वर्षभराच्या शिक्षेवर आलेला, म्हणजे बदलीवरचाच म्हणा ना!) त्याने रुसलेल्या बायकोचे चित्र गेरूने शिळेवर काढले, आणि तिच्या पायांशी स्वतःला काढायला गेला तर डोळ्यांना धारा लागल्या. त्याच्या खिशात चार हजार फोटोंचा मोबाइल असता, तर बिचारा एवढा रडला असता का, मला शंका आहे.

हल्ली शिळेच्या जागी कागद आला. 'फाइन आर्ट प्रिंट' म्हणतात त्याला. रंगाचे तत्त्व तेच. यक्षाचा गेरू म्हणजे मातीतली पूड. या शाईतही न विरघळणारे बारीक रंगकणच असतात, म्हणून ती उजेडात लवकर विटत नाही. कागद मात्र हाताला लागला आणि बोटे दचकली. वीस वर्षे कॅश मोजलेली बोटे ती! नोटेचा कागद कापसाचा, आणि हाही कापसाचा. वर्तमानपत्र लाकडाच्या लगद्याचे. त्यातल्या लिग्निनमुळे उन्हात बघता बघता पिवळे पडते. कापसाला तो रोग नाही. आमच्याकडे शेतकऱ्याला रडवणारा कापूस फोटोतल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या हसत ठेवतो.

अशा फोटोखाली छायाचित्रकार पेन्सिलीने ३/२५ असे लिहितात. पंचविसांतला हा तिसरा, सव्विसावा निघणार नाही. आता यंत्र काय, पंचवीस हजारही काढील. न काढणे हा नुसता शब्द. नोटेवर निदान गव्हर्नरांची सही तरी असते!

पण माझी अडचण निराळी. आई जाऊन सहा वर्षे झाली. तिचा नीटसा फोटो एकच: त्रिपुरी पौर्णिमेला गडाच्या पायऱ्यांवर दम खात बसलीय, पदराने कपाळ पुसतेय. तो या कागदावर उतरवायला नागपूरला गेलो. दुकानदार उत्साही. म्हणाला, "भाऊ, सुरकुत्या काढून देतो. दहा वर्षांनी लहान दिसतील आई."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? फोनमधला फोटो खोटा असला तरी फोनबरोबर मरतो. हा कागद मात्र आईला पाहिलेले सगळे संपल्यावरही साक्ष देत राहणार, आणि पणतू त्याच्यावरच विश्वास ठेवणार. अस्सल कागदावर नकली मजकूर छापला की त्याला काय म्हणतात, हे कॅशवरच्या माणसाने दुकानदाराला विचारायचे का?

"सुरकुत्या असू द्या," मी म्हणालो.

"बरं. मग मागचा तो अर्धवट आलेला माणूस तरी पुसून टाकू? मधेच कडमडलाय."

"ते माझे वडील आहेत."

त्याने चश्मा वर करून पुन्हा पाहिले. "मग साइज वाढवावी लागेल," म्हणाला, आणि वाढीव पैसे सांगितले.