रानातली आमरी



भोरच्या रायरेश्वर पठारावर किंवा वेल्ह्याच्या मढे घाटाकडे जुलैत जाणाऱ्यांनी ओल्या गवतात एक फूल पाहिले असेल. जमिनीला चिकटलेले एखादेच गोल पान, त्यातून निघालेला बारीक दांडा आणि वर एक-दोन शुभ्र फुले. ही आमरी, म्हणजे आपल्या रानातले ऑर्किड. शास्त्रज्ञ तिला हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस म्हणतात; फुलापेक्षा नावच मोठे!

काही वर्षांपूर्वी पावसाळी सहलीत आम्हालाही ती भेटली. शलमोन राजाच्या वैभवापेक्षा रानफुलांचा साज मोठा, असे प्रभू येशू सांगतो, त्याची आठवण झाली. आणि लगेच आम्ही काय केले? खुरप्याने चार रोपे मातीसकट उकरून आणली आणि पवित्र मरियेच्या ग्रोटोपुढे कुंड्यांत लावली. हेतू भक्तीचाच होता. ८ सप्टेंबरला मरियामातेच्या जन्माचा सण आला, तोवर एकही रोप जगले नाही. पाणी कोणी घातले नाही, यावरून आमच्यात थोडी बोलाचालीही झाली.

दोष पाण्याचा नव्हता. आमरी फुलते तेव्हा जमिनीखाली तिचा जुना कंद झिजत असतो आणि शेजारी पुढच्या वर्षीचा नवा कंद भरत असतो. नेमके तेव्हाच आम्ही खुरपे चालवले. पठारावर तिची जागा दुसरी आमरी लगेच घेईल म्हणावे, तर तेही सोपे नाही. मोहरीच्या दाण्याचा दाखला आपण मुलांना शिकवतो. आमरीचे बी मोहरीपुढे नुसती धूळ. एका बोंडात अशी हजारो बिया, पण एकीजवळही स्वतःची शिदोरी नसते. मातीतली बुरशी भरवील तरच बी रुजते, आणि फूल यायला त्यापुढे काही वर्षे जातात.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात लिहिले, की माणसामुळे नष्ट झालेल्या जाती आपल्या असण्याने देवाचा गौरव करू शकणार नाहीत. ते वाचताना आम्हाला त्या चार कुंड्या आठवल्या. गौरवासाठी म्हणून आम्ही जिला ग्रोटोपुढे आणली, ती पठारावर तेच करत होती.

कुंड्यांत आता झेंडू आहे. यंदाच्या सहलीला मुलांना जरूर आणा, गवतात पाय जपून टाकायला सांगा. खुरपे मात्र घरीच राहू द्या.