नाव उघड, मत झाकलेले



मतदान केंद्रातील एक रीत आपण सर्वांनी पाहिली आहे. अधिकारी यादी पाहून मतदाराचे नाव मोठ्याने वाचतो, म्हणजे कोणी तोतया आला असल्यास उमेदवारांच्या माणसांना हरकत घेता यावी. मग तोच मतदार आडोशाला जातो, आणि तेथे त्याने काय केले हे कोणी विचारीत नाही. नाव उघड, मत झाकलेले. असे का?

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे असे वाटे त्याने फुलाला, वेगळे राहावे असे वाटे त्याने दोन पानांना मत द्यावयाचे होते. पेडणे, डिचोली या तालुक्यांत फुलाचे पारडे जड होते. एकंदरीत मात्र दोन पानांना १,७२,१९१ व फुलाला १,३८,१७० मते पडली. हेच नाव पुकारून, "बोल, फूल की पाने?" असे चव्हाट्यावर विचारले असते तर? कुळाने आधी भाटकाराच्या तोंडाकडे पाहिले असते. गुप्त मतपत्रिका ही दुबळ्याच्या विवेकाला दिलेली ओसरी आहे.

मग सर्वच मते झाकावीत काय? नाही. विधानसभेत मतविभागणी झाली की कोण कोणत्या बाजूस होता याची नोंद होते, कारण आमदाराचे मत त्याच्या एकट्याचे नसते. अरिमथाईकर योसेफ भीतीमुळे गुप्त शिष्य होता, तरी न्यायसभेच्या दुष्ट ठरावाला त्याने संमती दिली नाही, हे लूक आवर्जून नोंदवतो. जो दुसऱ्यांच्या वतीने बोलतो, त्याने आपल्या नावानिशी बोलावे.

आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा याच्या उलट घडते. पंचकमिटीचे सभासद बंद दाराआड ठरवितात आणि कोणी काय म्हटले ते कळू देत नाहीत. आणि वार्षिक सभेत गरीब विधवेने मात्र वजनदार घराण्यासमोर हात वर करावा अशी अपेक्षा असते. हा न्याय नव्हे. पंचांचे मत उघड असावे, सभासदांचे चिठ्ठीने घ्यावे.

आता शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी एक शब्द. हजेरी हीदेखील नावांची पुकारणीच. शंभरांतील एक मेंढरू हरवले हे मेंढपाळाला मोजल्यावाचून कळले नसते. परंतु मोजून तो थांबला नाही, शोधावयास निघाला. आपण मात्र गैरहजर मुलाच्या नावापुढे फुली मारतो, आणि पुढच्या रविवारी सर्वांदेखत त्याला उभे करून कारण विचारतो. कदाचित त्या दिवशी त्याच्या अंगावर घालण्याजोगा सदरा नसेल. चारचौघांत तो ते कसे सांगणार?

हजेरी अवश्य घ्या, नावे स्पष्ट पुकारा. ज्या नावाला उत्तर आले नाही, त्या घरी त्याच आठवड्यात जा, आणि कारण विचारावयाचे ते तेथे, हळू आवाजात विचारा. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, ती त्यांना लाजविण्यासाठी नव्हे, बाहेर नेण्यासाठी.