मूळ फरशी कुठे असते?

शुद्ध होणे म्हणजे वरचे काहीतरी काढून टाकणे, ही समजूत आपल्या धर्मविचारात इतकी खोल मुरली आहे की तिला कुणी प्रश्न विचारत नाही. अद्वैती सांगतो, आत्मा मुळातच शुद्ध आहे, अविद्येचे आवरण गेले की झाले. जैन सांगतो, कर्माचे पुद्गल जीवाला खरोखरच चिकटलेले आहेत, ते झडले पाहिजेत. एकाच्या मते मळ भासमान, दुसऱ्याच्या मते तो अगदी खरा. मतभेद मोठा आहे, पण डोळ्यांपुढचे चित्र दोघांचेही तेच: वर थर, खाली खरी वस्तू. गावोगावी चाललेल्या देवळांच्या जीर्णोद्धारांमागेही हेच चित्र असते आणि म्हणून ‘मूळ रूप’ हा शब्द आला की वाद मिटल्यासारखा वाटतो. हे चित्र साधकाने आणि विश्वस्ताने एकदा जमीन खरवडणाऱ्या कारागिराच्या हातात देऊन पाहावे. खरवडण्याचे काम नीट समजून घेतले, तर वरचे काढण्यापेक्षा काय काढायचे नाही हे ठरवणे किती अवघड असते ते कळते.

जुन्या वाड्याच्या माळ्यावरची सागवानी जमीन घ्या. तिच्यावर वॉर्निशचे काळवंडलेले थर बसले आहेत. ते काढायची पत्ती म्हणजे पोलादाचा साधा, चौकोनी तुकडा. तिची कड आधी कानशीने सपाट करतात, मग कडक, गुळगुळीत सळई दाबून फिरवतात, तेव्हा कडेला केसाएवढी आकडी वळते. बोट हलकेच बाहेरच्या बाजूला सरकवले तरच ती जाणवते, डोळ्यांना सहसा दिसत नाही. कापते ती ही आकडी. पत्ती अगदी उभी धरली तर ती नुसती घसरते. ओढीच्या दिशेला थोडी थोडी कलवत नेली की एका कोनावर ती लाकूड धरते, आणि तो कोन दर वेळी हातानेच शोधावा लागतो. धार बरोबर असली तर कांद्याच्या पापुद्र्यासारखे सालपट निघते, गेली असली तर नुसता भुसा पडतो. पत्तीचे दोन्ही कोपरे कानशीने गोल करावे लागतात, नाहीतर तेच लाकडात रुततात आणि न बुजणारे चरे पडतात. ओढायचे तेही लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आणि खरी गोम पुढे आहे. भुसा पडू लागला की नवखा माणूस जोर वाढवतो. जोर वाढला की पत्ती थरथरते, जमिनीवर लाटा उठतात, मऊ भागात खळगे पडतात. जाणता सुतार अशा वेळी थांबतो आणि कानस उचलतो. जमिनीची बहुतेक नासधूस बोथट पत्तीने होते, कारण धारेची उणीव माणूस जोराने भरून काढू पाहतो.

वेदान्ताने साधकाच्या तयारीचा क्रम लावताना नित्य-अनित्याचा विवेक पहिला ठेवला आणि वैराग्य दुसरे, हे मला या कामाच्या अनुभवाशी तंतोतंत जुळणारे वाटते. विवेक ही धार, वैराग्य हा जोर. धार नसताना लावलेला जोर काय करतो हे गीतेच्या सतराव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे: मूढ हट्टाने, स्वतःला पीडा देऊन केलेले तप तामस ठरवले आहे. उपासतापासांनी शरीर खंगवून घेणारा, घरच्यांवरचा जीव उपटून टाकू पाहणारा, हसणेदेखील पाप मानणारा माणूस आळशी नसतो, उलट त्याची मेहनत डोळे दिपवणारी असते. त्याच्या हाताखाली मात्र भुसाच पडत असतो. जैन तत्त्वज्ञांनी तर आणखी एक पायरी आधी सांगितली. त्यांच्या सात तत्त्वांत निर्जरेच्या आधी संवर येतो, म्हणजे साचलेले कर्म झाडण्याआधी नव्या कर्माची आवक थांबवायची. जमिनीचे काम करणाऱ्याला हे पटवून द्यावे लागत नाही. खालून ओल येत असेल तर वरचे पोपडे कितीही काढा, पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा सुटतातच.

इथपर्यंत प्रश्न हत्याराचा होता. थांबायचे कुठे, हा त्याहून कठीण प्रश्न. लाकडाखाली लाकूडच आहे, तेव्हा वॉर्निश संपले की काम संपले असे वाटेल. पण हवा-उजेड आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वर्दळ यांनी सागवानाच्या पृष्ठभागावर जो गडद, मऊसर रंग येतो, तो लाकडाचाच असतो. तो खरवडला की खाली कोरे, वखारीतून आणल्यासारखे लाकूड दिसते. अधिक मूळ म्हणावे तर तेच, पण शंभर वर्षे त्या घरात होती ती जमीन ती नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या मध्ययुगीन चर्चमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. जीर्णोद्धाराच्या उत्साहात भिंतींवरचा जुना गिलावा खरवडून आतला ओबडधोबड दगड उघडा केला गेला. तो दगड उघडा दिसावा असे बांधणाऱ्यांच्या मनातही नव्हते, त्यांनी तो गिलाव्यासाठीच तसा रचला होता. म्हणजे ‘मूळ रूप’ म्हणून जे पुढे आले, ते त्याआधी कधीच अस्तित्वात नव्हते. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने याविरुद्ध संस्था उभी केली. तिला लोक ‘खरवडविरोधी’ याच अर्थाच्या नावाने ओळखू लागले. पुढे १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेने हा विचार नियमात बसवला: वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली भर आदराने पाहावी, आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनरुज्जीवन थांबावे.

आपल्याकडची सारवलेली जमीन तर या चित्राचा पायाच काढून घेते. मुरूम-माती पसरून, पाणी मारून, चोपून केलेल्या जमिनीवर सणावाराला शेणकाल्याचा हात फिरतो, सुटलेले पोपडे खरवडले जातात आणि पुन्हा हात फिरतो. ही जमीन म्हणजे तिचे थरच. शेवटपर्यंत खरवडत गेलात तर मूळ जमीन सापडत नाही, माती लागते. माणसाचे मन सागवानी जमिनीसारखे की सारवलेल्या जमिनीसारखे, या प्रश्नावर उपनिषदे आणि बुद्ध यांची वाट वेगळी झाली. त्यांचा निवाडा करायची माझी पात्रता नाही. पण एवढे ठामपणे म्हणता येईल की पत्ती हातात घेताना उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखे वागणे धोक्याचे आहे. आईने लावलेले वळण, गावची बोली, लहानपणीची भीती, नामस्मरणाची सवय, यांतला थर कोणता आणि जमीन कोणती, हे हत्यार सांगू शकत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. प्रत्येक थराचा आदर करायचा, तर अस्पृश्यतेचाही करायचा का? तोही शतकांचा थरच होता. हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही, कारण त्याचे उत्तर पंढरपूरच्या दगडी जमिनीवरच दिले गेले आहे. विठ्ठलाच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले आणि दार उघडले. त्या वेळी रूढीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आधार काय होता? हेच की हे पूर्वापार आहे. म्हणजे ‘मूळ’ हा निकष मानला तर तो अन्यायाच्याच कामी येतो. समजा, पुराव्यानिशी सिद्ध झाले की देवळाच्या पहिल्या दिवसापासून काहींना उंबऱ्याबाहेर ठेवले जात होते. तरीही ते काढूनच टाकायला हवे होते. कारण जमीन असते ती पाय टेकण्यासाठी, आणि तो थर माणसांना पाय टेकू देत नव्हता. थर काढावा की ठेवावा हे त्याच्या वयावरून ठरत नाही, तो कुणाचा श्वास कोंडतो यावरून ठरते. देवळाच्या जुन्या जमिनीवर नंतर बसवलेली गुळगुळीत फरशी दगड-चुन्याच्या अंगातली ओल कोंडून ठेवते, म्हणून ती काढायची. दगडात मुरलेले तेलाचे डाग कुणाचेच काही अडवत नाहीत, ते राहिले तरी चालतील. त्याच पंढरपुरात २०२४ मध्ये संवर्धनाच्या कामात गाभाऱ्यातली अलीकडची फरशी आणि चांदी काढून दगड मोकळा केला गेला. ते मला योग्य वाटते, पण ‘जुने ते खरे’ म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप साधकांचा आहे: इतका विचार करत बसले तर काम कधी होणार? हळुवारपणाच्या नावाखाली माणूस आपला मळच कुरवाळत बसेल. ही भीती खोटी नाही. तिला उपाय कारागिरांनीच शोधून ठेवला आहे. ते सगळी जमीन एकदम धरत नाहीत. दाराआडचा, कुणाच्या नजरेत न येणारा हातभर तुकडा आधी खरवडतात, पाण्याचा हात देऊन, वाळवून पाहतात आणि मग ठरवतात. दगड असेल तर हे आणखी गरजेचे. संगमरवर आणि चुनखडी पोलादापेक्षा मऊ असतात, त्यांच्यावर लोखंडी पत्तीचा चरा उठतो आणि आम्ल टाकले तर दगडच विरघळतो. आपला काळा बेसाल्ट पुष्कळ सोसतो, तरी त्यावरचे जुने टाकीचे घाव यंत्राने घासले की कायमचे जातात. सावकाश सुरू करणे म्हणजे टाळणे नव्हे. चुकीची किंमत हातभर जागेपुरती ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ. मनाच्या बाबतीतही एखादे व्रत आयुष्यभरासाठी घेण्याआधी महिनाभर करून पाहणे आणि त्याने आपण घरातल्यांशी अधिक मायेने वागतो की अधिक तुटकपणे, हे प्रामाणिकपणे तपासणे शक्य असते. तुटकपणा वाढत असेल, तर व्रत वाढवण्याआधी धार पाहावी.

तुमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरत असेल, तर सभेत तीन गोष्टींची मागणी जरूर करा. काम सुरू होण्याआधी प्रत्येक थराची छायाचित्रे घेऊन नोंद व्हावी. आधी एका कोपऱ्यात नमुना करून गावाला दाखवला जावा. आणि अमुक थर का काढायचा, याचे कारण ठरावात लिहिले जावे. ‘मूळ रूपासाठी’ एवढेच कारण लिहिले असेल, तर त्या ठरावाला हात वर करू नका.