देशाच्या गाण्यातला देव

मध्यप्रदेश राज्याला स्वतःचे गीत आहे. शिवराजसिंह चौहान मुख्यमंत्री असताना ते स्वीकारले गेले. पत्रकार महेश श्रीवास्तव यांनी ते हिंदीत लिहिले आहे. सरकारी समारंभांत ते वाजते, शाळांच्या प्रार्थनासभेत म्हटले जाते. पांढुर्णा आणि सौसर भागातली, घरी मराठी बोलणारी मुलेही ते म्हणतात. या गीतात विंध्याचल आहे, नर्मदा आहे, खजुराहो आणि भीमबेटका आहे. त्यांच्याच शेजारी चित्रकूटचा राम आहे, क्षिप्रेकाठी ज्ञान मिळालेला कृष्ण आहे आणि महाकालाला टिळा लावण्याचे भाग्य आम्हाला लाभल्याचा अभिमानही आहे. विंध्याचल आणि नर्मदा राज्यातल्या प्रत्येकाचे. टिळा लावणाऱ्या त्या ‘आम्ही’मध्ये मात्र रांगेत उभे असलेले प्रत्येक मूल बसते का?

हा प्रश्न पांढुर्णा-सौसरमध्ये उभा राहून विचारला की जास्त टोचतो. १९५६ सालचा ऑक्टोबर आठवावा. १४ तारखेला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो माणसांना दिली. ब्रह्मा-विष्णू-महेश यांना देव मानणार नाही, राम-कृष्णांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, अशा प्रतिज्ञा त्या दिवशी माणसांनी उघड्या मैदानावर, मोठ्या आवाजात घेतल्या. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांच्या सीमा बदलल्या. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्यातले पांढुर्णा-सौसर, भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्यप्रदेशात राहिला. राजधानी बदलली तरी नागपूरशी असलेले नाते तुटले नाही, आणि दीक्षाभूमीशी असलेले तर नाहीच. तेव्हा या भागातल्या बौद्ध घरातला मुलगा सकाळी शाळेत जे म्हणतो आणि त्याच्या आजोबांनी जी प्रतिज्ञा घेतली, त्या दोन गोष्टी एकमेकींना छेदतात. घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर टांगलेल्या, आणि शाळेत महाकालाचा टिळा. आठ वर्षांच्या मुलाने हे कसे जुळवायचे?

गोंड घरातल्या मुलाचीही अशीच गत आहे. बडादेव त्याचा, त्याचे नाव गीतात नाही. मुस्लिम आणि ख्रिस्ती मुलांचे तर सांगायलाच नको.

यावर एक उत्तर ठरलेले आहे, आणि ते प्रामाणिकपणे दिले जाते म्हणून त्याचा विचार करायला हवा. राम, कृष्ण, महाकाल ही या भूमीची संस्कृती आहे, त्यात धर्म कुठे आला? मला हे अर्धे पटते. चित्रकूट आणि उज्जैन वगळून मध्यप्रदेशाचा इतिहास शिकवता येणार नाही. तुलसीदास आणि एकनाथ वगळून हिंदी-मराठी शिकवता येणार नाही. ते शिकवलेच पाहिजे, आणि भरपूर शिकवले पाहिजे. पण धडा आणि प्रार्थनासभा या दोन जागा वेगळ्या आहेत. धड्यातल्या रामाबद्दल मूल प्रश्न विचारू शकते, वालीचा वध बरोबर होता का असे गुरुजींना विचारू शकते. रांगेत, सगळ्यांबरोबर, एका सुरात जे म्हणायचे असते त्याला प्रश्न विचारता येत नाही. तिथे ‘आम्ही’ म्हणणे म्हणजे कबुली देणे असते.

नावातल्या एका शब्दाने किती मोठे काम अडते, याचा अनुभव याच मुलखाने घेतला आहे. १९३७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. नागपूरहून कारभार चाले. छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतात होता. त्या मंत्रिमंडळातल्या रविशंकर शुक्ल यांनी खेड्यापाड्यांत शाळा पोहोचवण्यासाठी एक योजना आणली: गावात शाळेसाठी जमीन मिळवायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. सरकारी तिजोरीत पैसा नसताना ही कल्पना अत्यंत शहाणपणाची होती. योजनेचे नाव ठेवले विद्यामंदिर. नावातल्या ‘मंदिर’ शब्दावर मुस्लिमांनी हरकत घेतली, आणि १९३८ च्या पिरपूर अहवालात मुस्लिम लीगने विद्यामंदिर योजना व शाळांतले ‘वंदे मातरम्’ ही दोन्ही काँग्रेस राजवटीविरुद्धची तक्रार म्हणून मांडली. लीगचे राजकारण बाजूला ठेवले तरी एवढे उरते, की शेतीच्या उत्पन्नावरची शाळा हा चर्चेचा विषय व्हायला हवा होता; झाला तो नावाचा वाद.

‘वंदे मातरम्’बाबत त्या पिढीने निदान विचार केला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये काँग्रेस कार्यसमितीने कलकत्त्याला ठरवले, की सभांमध्ये गीताची पहिली दोन कडवी म्हणावीत. पुढच्या कडव्यांत मातृभूमी दुर्गेच्या रूपात येते आणि ते सर्वांना आपले वाटेल असे नाही. रवींद्रनाथांचा सल्लाही तोच होता. या निर्णयाला आज तुष्टीकरण म्हणतात. गीताच्या दीडशेव्या वर्षानिमित्त डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत त्यावर पुन्हा खडाजंगी झाली. माझ्या मते तो निर्णय उदार होता आणि शहाणाही होता. ज्या गीतासाठी मुले छड्या खात होती ते गीत टाकून न देता, ज्या ओळी सर्वांना म्हणता येतील त्या सर्वांसाठी ठेवल्या. त्याच गीतापायी १९३८ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे प्रवेश दिला होता. त्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. गाणे म्हणण्याचा हक्क आणि न म्हणण्याचा हक्क या एकाच स्वातंत्र्याच्या दोन बाजू आहेत, आणि दोन्हींचा इतिहास नागपूरच्या पंचक्रोशीत घडला आहे.

याच मध्यप्रांताचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत दुरुस्ती मांडली, की उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. कामत सच्चे श्रद्धावान होते, त्यांचा हेतू निर्मळ होता. सभेत बहुसंख्य माणसे देव मानणारी होती. पूर्णिमा बॅनर्जींनी कळवळून विनंती केली, की देवाला मतदानाला लावू नका. तरी मतदान झाले: बाजूने ४१, विरुद्ध ६८. देव मानणाऱ्यांनीच देवाचे नाव देशाच्या दस्तऐवजात येऊ दिले नाही, कारण श्रद्धेची सक्ती होता कामा नये हे त्यांना कळत होते. त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याला शपथ घेताना पर्याय दिलेला आहे: ईश्वरसाक्ष शपथ घ्या, नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. मंत्री प्रौढ असतो, त्याच्या पाठीशी पक्ष असतो, सत्ता असते. तरी त्याला पर्याय आहे. तिसरीतल्या मुलीला नाही.

शाळेतल्या साध्या प्रार्थनेविषयीही आपल्याकडे वाद झाले आहेत. केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेविरुद्ध जबलपूरच्या एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जानेवारी २०१९ मध्ये ती मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आली. त्याआधी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात सांगितले, की प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती करता येत नाही. मध्यप्रदेशात सूर्यनमस्काराचा सामूहिक कार्यक्रम शाळांत आणला तेव्हा, जानेवारी २००७ मध्ये, तिथल्या उच्च न्यायालयाने भाग घेणे ऐच्छिक ठरवले. संविधानाच्या अनुच्छेद २८ चा गाभा हाच आहे: राज्याच्या पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही, आणि उपासनेला हजर राहण्याची सक्ती तर कोणावरही नाही.

पण प्रार्थनेपेक्षा देशभक्तीच्या पाठात आलेला देव मला अधिक धोक्याचा वाटतो. प्रार्थना न म्हणणाऱ्या मुलाबद्दल लोक म्हणतात, त्याचा धर्म वेगळा आहे. चार माणसे नाक मुरडतात आणि विषय संपतो. देशाच्या किंवा राज्याच्या गीतात देव घातला आणि मूल त्या ओळीला गप्प राहिले, तर लोक म्हणतात, त्याला देश मान्य नाही. श्रद्धेचा फरक क्षणात निष्ठेचा गुन्हा होतो. ज्याने गुन्हा केलेलाच नाही त्या मुलाला तो नाकारताही येत नाही.

अमेरिकेत हेच घडले. तिथली ध्वजप्रतिज्ञा १८९२ मध्ये फ्रान्सिस बेलामी यांनी लिहिली. ते स्वतः बाप्टिस्ट धर्मोपदेशक, तरी प्रतिज्ञेत देव नव्हता. १९४० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ध्वजवंदनाची सक्ती योग्य ठरवली, त्यानंतर श्रद्धेपोटी ध्वजवंदन न करणाऱ्या ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाच्या माणसांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. तीनच वर्षांत, १९४३ मध्ये, ऐन महायुद्ध चालू असताना न्यायालयाने आपला निकाल फिरवला. आणि १९५४ मध्ये साम्यवादाच्या भीतीपोटी त्याच प्रतिज्ञेत ईश्वराचा उल्लेख घालण्यात आला. तो आजही आहे.

आपली प्रतिज्ञा याबाबतीत अधिक मोकळी आहे. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या विशाखापट्टणमच्या सरकारी अधिकाऱ्याने ती १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली, आणि मुंबईचे एम. सी. छागला शिक्षणमंत्री असताना ती देशभर गेली. तिच्यात देश आहे, देशबांधव आहेत, पालक-गुरुजन आहेत; देव नाही. दीक्षाभूमीवर गेलेला, जामसावळीच्या हनुमानाला गेलेला आणि मशिदीत गेलेला, तिघांची मुले ती एकाच आवाजात म्हणू शकतात. मध्यप्रदेशात २०१८ मध्ये हजेरीला ‘जय हिंद’ म्हणण्याचा आदेश निघाला. हजेरीला देशभक्तीची परीक्षा करावी हे मला पटत नाही, पण शब्दापुरते पाहिले तर तो कोणालाही परका नाही.

साने गुरुजींची प्रार्थना, तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना ही या मराठी मुलखाची दौलत आहे. ती शाळेतून हद्दपार करा असे मी म्हणत नाही. ती शिकवावी, गावी, आणि ज्याला गायची नाही त्याला सुखाने गप्प राहू द्यावे. राज्यगीताबाबत माझे मत याहून कडक आहे. सगळ्यांना सक्तीने म्हणायला लावायचे असेल तर त्यात सगळ्यांचे तेवढेच असावे. नद्या, डोंगर, राणी दुर्गावती, तात्या टोपे, संत्र्याच्या बागा, कोळशाच्या खाणी: मध्यप्रदेशात गाण्यासारखे कमी आहे का?

गीत बदलणे भोपाळच्या हातात आहे. त्याला वेळ लागेल, कदाचित ते होणारही नाही. शाळेच्या हातात जे आहे ते मात्र उद्यापासून करता येते. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या तीन भावंडांच्या बाजूने निकाल दिला. ती मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. आदराने उभे राहणे पुरेसे आहे, गायलाच हवे असा कायदा नाही, असे न्यायालय म्हणाले. राष्ट्रगीताला जे लागू आहे ते राज्यगीताला नक्कीच लागू आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पांढुर्णा आणि सौसरच्या पालकांना माझी विनंती आहे: नव्या सत्राच्या पहिल्या बैठकीत हा विषय मांडा. मुलांना मुख्याध्यापकांच्याच तोंडून ऐकू द्या, की जी ओळ आपल्या श्रद्धेशी जुळत नाही तिथे शांत उभे राहिले तरी चालते, आणि त्याबद्दल कोणी चिडवले तर शाळा चिडवणाऱ्याला समज देईल.