वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस

माहीत नव्हतं? हे वाक्य आधी खाली ठेव. मग बोलू.

मोबाइल घ्यायचा असला की तू आटपाडीतली चार दुकानं पालथी घालतोस. बॅटरी किती, कॅमेरा कसला, हप्ता किती बसतो, सगळं तोंडपाठ. बुटाचा तळवा दाबून बघतोस. आणि स्वतःच्या दंडात सुई टोचून घेताना बाटलीवर काय लिहिलंय ते वाचत नाहीस? कुणाला सांगतोस हे?

तू ढ असतास तर मी इतका भडकलो नसतो. ढ पोराला समजावून सांगतात. तुला समजतं, म्हणून तुला बोलतोय.

मैदानामागच्या बाभळीखाली सापडलेली ती बाटली बघ. काचेची, रबरी बुचाची. बुचाला सुईची भोकंच भोकं. शेजारी दोन सिरिंजा. आणि बाटलीवरचं लेबल नखानं खरवडून काढलेलं. ते का खरवडलं? ज्याला काहीच माहीत नसतं, तो लेबल खरवडत नाही. तो बाटली तशीच टाकून जातो. तुमच्या अज्ञानाचं सोंग त्या नखाच्या ओरखड्यात उघडं पडलंय.

त्यात काय होतं, ते तुलाही ठाऊक आहे: मेफेंटरमाइन. ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिलेल्या माणसाचा रक्तदाब घसरला, तर तो वर आणायला डॉक्टर हे वापरतात. समोर मॉनिटर असतो, हाताशी ऑक्सिजन असतो. तुझ्या हाताशी काय होतं? पाण्याची बाटली आणि पाठ थोपटणारा मित्र. धडधाकट पोराचा रक्तदाब या औषधानं उसळला, तर हृदयाचा ठोका चुकतो. सवय लागली, तर डोकं फिरतं. आणि तुझ्या डब्यातल्या स्टेरॉइडच्या गोळ्या? वाढत्या वयात घेतल्या, तर हाडांची वाढ अवेळी थांबते. यकृत खराब होतं. मुलींचा आवाज एकदा जाड झाला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. अंग फुगतं, माणूस आतून पोखरला जातो. हे तुला मोबाइलवर दोन मिनिटांत सापडलं असतं. शोधलं नाहीस. कारण शोधलं असतंस, तर थांबावं लागलं असतं.

आता तुझ्या सबबी एकेक करून काढू.

पहिली सबब: ‘दादानं दिलं. तो सगळ्यांनाच देतो.’

मेलबर्नला एसेंडन नावाचा फुटबॉल क्लब आहे. त्यांचा फुटबॉल ऑस्ट्रेलियन पद्धतीचा, क्लब जुना आणि नावाजलेला. 2012 च्या हंगामात क्लबनंच नेमलेल्या माणसानं खेळाडूंना इंजेक्शनं दिली. खेळाडूंनी संमतीच्या कागदांवर सह्या केल्या. सगळं कसं रीतसर, शिस्तीत! 2013 मध्ये प्रकरण फुटलं. क्लबला 20 लाख डॉलरचा दंड झाला, बाद फेरीचं दार बंद झालं, प्रशिक्षक वर्षभर बाहेर बसला. 2015 मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं खेळाडूंना सोडलं, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. पण 12 जानेवारी 2016 ला आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं तो निकाल फिरवला आणि 34 आजी-माजी खेळाडूंवर बंदी घातली. उरल्यासुरल्या खेळाडूंवर क्लबनं तो हंगाम काढला आणि गुणतक्त्यात तळाला गेला. त्यांचा कर्णधार जोब वॉटसन याला 2012 चा सर्वोत्तम खेळाडूचा मान म्हणून ब्राउनलो पदक मिळालं होतं. तेही गेलं.

तेही ‘आम्हाला दिलं’ असंच सांगत होते. लवादानं काय पाहिलं? क्लबमध्ये डॉक्टर होता, त्याला त्यांनी विचारलं नाही. उत्तेजक चाचणीच्या फॉर्मवर काय काय घेतलं ते लिहायचं असतं, तिथं त्या इंजेक्शनांचा उल्लेख केला नाही. चूक नव्हती, तर लिहिलं का नाही? आता हाच प्रश्न मी तुला विचारतो. दादानं दिलेलं इतकं चांगलं होतं, तर घरी आईला का सांगितलं नाहीस?

दुसरी सबब: ‘साधं खोकल्याचं औषध होतं, सर.’

असेलही. पुण्याच्या डीएसके शिवाजीयन्सचा आणि भारताचा गोलरक्षक सुब्रत पाल 2017 मध्ये टर्ब्युटालिनच्या चाचणीत सापडला. त्यानंही खोकल्याच्या औषधाकडे बोट दाखवलं. 2019 मध्ये मुंबईचा पृथ्वी शॉ त्याच टर्ब्युटालिनपायी आठ महिने क्रिकेटबाहेर गेला. इंदूरच्या सामन्यांच्या वेळी त्याचा नमुना घेतला होता. त्यानं मुद्दाम घेतलं नव्हतं, हे क्रिकेट मंडळानंही मान्य केलं. तरी आठ महिने गेलेच. औषधाच्या दुकानात जाऊन ‘खोकल्याचं द्या’ म्हणायला एक क्षण लागतो. ‘मी खेळाडू आहे, यात काय काय आहे?’ हे विचारायला आणखी एक क्षण लागतो. तो क्षण तुझ्याकडे नव्हता? रात्री एकपर्यंत रील बघायला होता ना?

तिसरी सबब: ‘कुणीतरी माझ्या डब्यात मिसळलं.’

नरसिंग यादवचं नाव तालमीतल्या पोराला सांगायला नको. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. 2015 ला लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून त्यानं देशासाठी ऑलिंपिकची जागा मिळवली. 2016 च्या जूनमध्ये त्याच्या नमुन्यात मेथॅनडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. माझ्याविरुद्ध कट झाला, असं तो म्हणाला. 1 ऑगस्टला नाडानं, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेनं, त्याला दोषमुक्त केलं. तो रिओला पोहोचला. 18 ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. कटाचा ठोस पुरावा नाही, असं लवादाचं म्हणणं पडलं.

खरं काय घडलं, यावर मी निवाडा देणार नाही. पण नियम काय आहे, ते कान उघडे ठेवून ऐक. तुझ्या अंगात जे सापडेल, त्याचा जाब तुला द्यायचाय. मिसळलं म्हणालास, तर सिद्धही तूच करायचं. महाराष्ट्र केसरीला ते जमलं नाही, तुला जमणार आहे? मग आपला डबा उघडा टाकून चहाला का जातोस? कुणाच्याही शेकरमधून का पितोस? बिनबिलाचा, बिनशिक्क्याचा डबा निम्म्या किमतीत मिळाला म्हणून का उड्या मारतोस?

चौथी सबब: ‘सगळेच घेतात. मी एकट्यानं काय घोडं मारलंय?’

सगळे म्हणजे कोण? नावं सांग. गप्प का झालास? 2023 च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत नाडाचे लोक आल्याचं कळलं आणि शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. बाकीचे पसार. स्टेडियमच्या स्वच्छतागृहात सिरिंजा सापडल्या. सगळेच घेत होते म्हणून त्यांची लाज झाकली गेली का? उलट देशभर नाचक्की झाली. 2024 मध्ये भारतात 7,113 नमुने तपासले, त्यातल्या 260 मध्ये बंदी असलेली औषधं सापडली. नमुने भरपूर तपासणाऱ्या देशांत आपलं प्रमाण सगळ्यांत वर, आणि तेही सलग तिसऱ्या वर्षी. तुला भारताचं नाव वर न्यायचं होतं ना? या यादीत?

आणि जो एकटा त्या दिवशी रेषेवर उभा राहिला, त्याच्याबद्दल विचार कर. तो पळाला नाही. तुझ्यात तेवढा दम आहे का, एवढंच मला जाणून घ्यायचंय.

पाचवी सबब सगळ्यांत हलकट: ‘इथं आटपाडीत कोण तपासायला येतंय?’

पोलीस भरतीच्या मैदानावर पोरांच्या पिशवीत इंजेक्शनं सापडल्याच्या बातम्या तू वाचल्यास. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, सगळी मिळून पन्नास गुणांची मैदानी चाचणी. तेवढ्यासाठी सुई? उद्या अंगावर वर्दी चढवून तू गांजा विकणाऱ्याची कॉलर धरणार, आणि त्या वर्दीची पहिली पायरीच चोरीची?

आणि कुणी बघत नाही, ही सबब निदान आटपाडीच्या पोरानं तरी सांगू नये. गावाशेजारी स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानानं 1939 मध्ये तिथं कैद्यांची खुली वसाहत उभी केली. शिक्षा झालेली माणसं, आणि भोवती तुरुंगाची भिंत नाही. माणसावर विश्वास टाकला तर तो स्वतःला आवरतो, हे जगाला त्या वसाहतीनं दाखवलं. व्ही. शांतारामांनी त्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. भिंत नसतानाही कैद्यांनी स्वतःला आवरलं. आणि तू? तपासनीस नाही म्हटल्यावर मोकाट? त्याच संस्थानाचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः सूर्यनमस्कार घालायचे आणि शाळाशाळांतून पोरांकडून घालून घ्यायचे. त्या मातीत वाढून तू तीन महिन्यांत दंड फुगवायच्या गोळ्या शोधतोस!

शेवटची सबब मला लागते, म्हणून ती नीट ऐकून घेतो. ‘सर, आमच्याकडं काय आहे? दुष्काळी तालुका. घरी कर्ज. खुराक परवडत नाही. ही शेवटची संधी.’

खरं आहे. खोटं बोलतोस असं मी म्हणणार नाही. पण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांकडे काय होतं? हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं. 1952 ला खाशाबांनी कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ते. ते लांबचं वाटतं? मग शेजारच्या माण तालुक्यात बघ. मोहीची ललिता बाबर. तोच दुष्काळ, तेच ऊन. 2016 च्या त्याच रिओत तिनं 3,000 मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि 15 ऑगस्टला अंतिम फेरी धावली. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी भारताची बाई ट्रॅकच्या अंतिम फेरीत पोहोचली होती. दहावी आली. पदक नाही मिळालं. तरी मोहीची माणसं आजही छाती काढून तिचं नाव घेतात. तुझं नाव तुझ्या गावानं कसं घ्यावं, असं तुला वाटतं?

गरिबीनं तुला सुई टोचली नाही. आळसानं टोचली. पहाटे पाचला मैदानावर यायचं ठरलं होतं. आठवड्यातून किती दिवस आलास? चढावर धावायचं म्हटलं की तुझा गुडघा दुखतो. गोळी घेतली की बरा होतो? शेंगदाणे, हरभरे, अंडी, दूध सांगितलं, तर तोंड वाकडं केलंस, आणि चार हजारांचा डबा हप्त्यानं घेतलास. मग पैसे नाहीत कसं म्हणतोस? पैसे होते. धीर नव्हता.

तुझा बाप डाळिंब पिकवतो. माल युरोपला जायचा असेल, तर फवारलेल्या प्रत्येक औषधाची तो वहीत नोंद ठेवतो. कुठलं, किती, कधी. तोडणीच्या आधी किती दिवस हात आखडायचा, तेही मोजतो. फळात अंश सापडला तर अख्खा माल परत येईल, हे त्याला कळतं. डाळिंबाच्या सालीची जेवढी काळजी तो घेतो, तेवढी तू स्वतःच्या रक्ताची घेत नाहीस. आणि पुन्हा म्हणतोस, बापाचं कर्ज फेडायचंय! चार वर्षांची बंदी आली तर काय फेडशील? एकोणिसाव्या वर्षी आली तर तेविसाव्या वर्षापर्यंत घरी बसशील. तोवर तुझ्या जागी दुसरा उभा असेल.

तू अडाणी नाहीस, दुबळाही नाहीस. मी तुला सुईशिवाय पळताना बघितलंय. तू चांगला पळतोस. तुला ते पुरेसं वाटलं नाही, एवढंच माझं दुखणं आहे. स्वतःवर विश्वास नसणाऱ्या माणसाला कुठलंही इंजेक्शन पुरत नाही. आज एक, उद्या दोन. मग वेळ आली की पडतोस, आणि पडल्यावर दादाही तुला ओळखत नाही.

आता काय करायचं ते ऐक. घरातले डबे, बाटल्या, गोळ्या, सगळं पिशवीत भरून उद्या पहाटे पाचला मैदानावर आण. नाडाचं औषधं तपासायचं अ‍ॅप आहे, त्यात एकेक नाव घालू. आजारासाठी खरंच एखादं औषध लागत असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन रीतसर सवलतीचा अर्ज करू. त्यात लाजायचं काही नाही. ज्यानं दिलं त्याचं नाव सांगायचं, तुझ्यामागं उभी असलेली धाकटी पोरं वाचावीत म्हणून. छाती धडधडत असेल, झोप उडाली असेल, तर आधी दवाखाना, मग बाकीचं. पैशाची अडचण असेल तर मला सांग, पण आजच सांग. त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वेळ लागेल. दोन हंगाम जातील. जाऊ देत.

पिशवी घेऊन आलास, तर एक अक्षर जास्त बोलणार नाही, तुझ्याबरोबर फेरी मारीन. पिशवी रिकामी करून आलास, तर मला कळेल. नाहीच आलास, तर ‘माहीत नव्हतं’ हे खोटं होतं, असं तूच मला सांगितलंस, असं मी धरीन.