पेटीवाले, टॅबवाले आणि परीक्षावाले

यंदा उन्हाळ्यात दिल्लीतल्या एका व्याख्यानात पुण्याहून आलेले एक संगीतसमीक्षक कडाडले, "शाळेत मुलांना संगणकावर गाणी करायला लावणं म्हणजे पाळण्यातल्या पोराला मॅरेथॉनला उभं करणं!" टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमची दिल्लीकर मराठी मंडळी बरीच होती, आणि त्यातल्या निम्म्यांची नातवंडं गुरुग्राम-नोएडाच्या शाळांत 'म्युझिक लॅब'ची फी वेगळी भरून शिकतात. वक्ते माझे जुने स्नेही आणि त्याहून जुने विरोधक. नाव लिहीत नाही, ते ओळखतीलच.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की रचना हा तालमीचा शेवट आहे. आधी दहा वर्षं गळा घासा, मग बघू. पुराव्याला त्यांनी चक्क दिल्ली उच्च न्यायालय काढलं. ए. आर. रहमान यांच्या 'वीरा राजा वीरा' या गाण्यावर ध्रुपद गायक उस्ताद वासिफुद्दीन डागर यांनी दावा लावला होता, की हे गाणं त्यांच्या वडिलांनी आणि काकांनी अडाणा रागात बांधलेल्या शिवस्तुतीवर बेतलेलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये एकल न्यायाधीशांनी डागरांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि दोन कोटी रुपये न्यायालयात जमा करायला सांगितले. सप्टेंबरात खंडपीठाने तो आदेश रद्द केला. रचना गायली म्हणून गाणारा तिचा कर्ता ठरत नाही, असा खंडपीठाचा रोख होता. यावर आमच्या स्नेह्यांचा सवाल: ध्रुपदासारख्या गायकीतली रचना कुणाची, हे एकाच न्यायालयाला पाच महिन्यांत दोनदा वेगवेगळं वाटतं, तिथे सातवीतला मुलगा काय डोंबल 'ओरिजिनल' करणार?

सवाल चटकदार आहे, पण उलटा लावलेला आहे. डागरांसारख्यांच्या बाबतीतही वारशाने आलेलं कुठे संपतं आणि स्वतःचं कुठे सुरू होतं हे सांगता येत नसेल, तर मुलाकडून मौलिकता मागण्यातच अर्थ नाही. ती मागणी सोडून द्या. न्यायालयाला मालकी ठरवावी लागते, कारण तिथे पैसे वाटायचे असतात. वर्गात काय वाटायचंय? अडाण्यासारखं काहीतरी करताना मुलगा अडाण्यात शिरला तर आपलं काम झालं.

तरी कबूल करतो, त्या लॅबबाबत माझं मत स्नेह्यांपेक्षा फार वेगळं नव्हतं. अशी एक लॅब मी पाहिली आहे. वातानुकूलित खोली, वीस टॅब, वीस हेडफोन. तयार तुकडे, ज्यांना लूप म्हणतात, ते बोटाने ओढून एकापुढे एक ठेवायचे. लय मिनिटाला १२० ठोके, ताल चार-चार मात्रांचा, हे यंत्राने आधीच ठरवून दिलेलं. तास संपेपर्यंत प्रत्येकाचं 'गाणं' तयार. वीस मुलं संगीत करताहेत आणि खोलीत चिडीचूप. एकाही मुलाने एक सूर लावला नाही. शेजारच्या खोलीत संगीताच्या बाई वार्षिकोत्सवाचं समूहगान कराओके ट्रॅकवर बसवत होत्या. तिथे निदान आवाज तरी होता.

पण यंत्र म्हटलं की नाक मुरडायचं, हा खेळ दिल्लीने पूर्वी एकदा खेळून पाहिला आहे. १९४० च्या मार्चमध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. त्यामागचा मसाला दोन साहेबांनी पुरवला होता. एक लायोनेल फील्डन, आकाशवाणीचे पहिले नियंत्रक. दुसरे जॉन फोल्ड्स, दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख आणि स्वतः संगीतकार. फोल्ड्सनी १९३८ मध्ये पेटीविरुद्ध लेख लिहिला: तिचे सूर पक्के बांधलेले, मींड निघत नाही, हिंदुस्थानी संगीताची ती मारेकरी आहे. गंमत अशी, की हेच फोल्ड्स दिल्लीत भारतीय वाद्यांचा वाद्यवृंद बसवण्याच्या खटपटीत होते, म्हणजे आपल्या संगीतात त्यांना प्रयोग हवे होते, फक्त ते त्यांच्या पसंतीचे. बंदी पाहायला ते राहिले नाहीत. १९३९ मध्ये कलकत्त्यात वारले. आपल्याकडचे थोरही बंदीच्या बाजूने होते. रवींद्रनाथांना पेटी खपत नव्हती.

मराठी माणसाला ही गोष्ट जास्त झोंबायला हवी. गोविंदराव टेंब्यांनी जिला मैफलीत मानाचं पान मिळवून दिलं, त्या पेटीला देशाच्या रेडिओचं दार बंद. ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडावं लागलं, तेही अटींवर. मधल्या दहा वर्षांत माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री आपलेच बाळकृष्ण केसकर होते. त्यांनी शास्त्रीय संगीताला रेडिओवर राष्ट्रीय कार्यक्रम दिला, संगीत संमेलन दिलं, वाद्यवृंद दिला, आणि चित्रपटगीतांवर अशी कात्री चालवली की श्रोते रेडिओ सिलोनवर गेले, अमीन सायानी घरोघरी पोचले. शुद्धीकरणाच्या मोहिमांचं दिल्लीत हे असं होतं.

आणि पेटीवरचा आक्षेप खोटा होता का? मुळीच नाही. बंदीच्या कितीतरी आधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींच्या मोजमापात बुडाले होते, जिल्हा न्यायाधीश क्लेमेंट्स साहेब त्यांना येऊन मिळाले, अब्दुल करीम खाँसाहेब गळ्याने प्रात्यक्षिक द्यायला उभे राहिले, आणि त्या उद्योगातून श्रुती-हार्मोनियम निघाली. पेटीत जे नाही ते पेटीतच घालू, ही जिद्द. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वादंग झाला आणि ती पेटी पुढे चालली नाही. चालली ती साधी, बारा स्वरांची, सदोष पेटी. आज देशातल्या जवळजवळ प्रत्येक शाळेच्या संगीतखोलीत तीच आहे, आणि आमचे स्नेही ज्या तालमीची महती गातात ती तालीम लाखो मुलांना त्याच पेटीवर मिळाली. शाळेने यंत्र स्वीकारलं ते निर्दोष म्हणून नव्हे. एक मास्तर, पन्नास मुलं, सगळ्यांना षड्ज पुरवायचा होता.

मग टॅबवर एवढा राग का? मी गुगलचं फुकटात मिळणारं 'साँग मेकर' उघडून बसलो. चौकटींची जाळी, चौकट दाबली की सूर वाजतो. उघडल्याबरोबर जी स्वरपंक्ती समोर येते ती पाश्चात्त्यांची मेजर, म्हणजे आपला बिलावल थाट, भातखंड्यांनी शुद्ध स्वरांचा पाया म्हणून निवडला तोच. पंक्ती बदलून 'पेंटाटॉनिक' केली की उरतात सा रे ग प ध. भूप! मात्रांचा आकडा चारावरून पाचावर नेला की झपतालाची अर्धी लांबी हाती येते. भैरव मात्र अडखळतो. बारा स्वर घेऊन कोमल रिषभ सापडतो, त्याचं आंदोलन सापडत नाही. पेटीतही सापडत नाही.

भूपाचे हेच पाच स्वर देसकाराचेही आहेत. भूपात गंधाराचं राज्य, देसकारात धैवताचं, आणि चाल वरच्या अंगाने. यंत्राला हा फरक कळत नाही, त्याच्या लेखी दोन्ही एकच जाळी. आता सातवीच्या वर्गाला सांगा: या पाच स्वरांत दोन ओळी अशा करा की गंधारावर येऊन बसावंसं वाटेल, आणि दोन अशा की धैवतावर. मग यंत्र बंद करून त्या गाऊन दाखवा. मुलं करतात, वाकड्यातिकड्या करतात, आणि करताना वादी-संवादी म्हणजे काय ते त्यांना कळतं. व्याख्या पाठ करून ते सात जन्मांत कळत नाही. म्हणजे रचना हा तालमीचा शेवट असू शकतो, तसा तिचा पहिला धडाही असू शकतो.

दिल्लीत यंत्राची आणखी एक गरज आहे, जी पुण्याहून दिसत नाही. नोव्हेंबरात इथली हवा विषारी झाली की शाळा ऑनलाइन जातात. समूहगान तिथे होऊच शकत नाही. प्रत्येकाचा आवाज निरनिराळ्या उशिराने पोचतो, आणि चाळीस मुलं एकाच ओळीवर चाळीस ठिकाणी असतात. बहुतेक शाळा अशा दिवसांत संगीताचा तास गणिताला देऊन मोकळ्या होतात. पण मोबाइलवर तानपुऱ्याचं अॅप लावून प्रत्येकाने आपापली ओळ घरी रेकॉर्ड करून पाठवली, तर बाईंना त्या एकावर एक चढवता येतात. मुलाला आपला आवाज परका होऊन ऐकू येतो. आपण बेसूर आहोत हे त्याला सांगावं लागत नाही. सरकारी शाळेतल्या मुलालाही हे जमतं, घरात एक फोन असला की पुरे. वीस टॅबच्या लॅबला मी विरोध करतो तो याच हिशेबाने: त्या पैशात आणखी एक संगीतशिक्षक येतो.

आता खऱ्या गुन्हेगाराकडे वळतो, आणि तो आपल्याच घरातला आहे. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, अभ्यासक्रम आखला, पुस्तकं छापली, संगीत शिष्टांघरच्या मुलामुलींसाठी खुलं केलं. त्यांच्याच परंपरेतले विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय उभं केलं. या ऋणातून आपण उतराई होणार नाही. पण त्याबरोबर परीक्षा आली: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. नेमलेले राग, नेमलेल्या बंदिशी, ठरलेले आलाप, वहीत उतरवून पाठ केलेल्या ताना. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगीतातही हाच साचा. विशारद झालेल्या मुलीने स्वतःची म्हणून एक ओळ कधी बांधलेली नसते, आणि तिला ते विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. तयार लूप ओढणाऱ्या मुलाला आपण हसतो. तयार तान पाठ करणाऱ्याला प्रमाणपत्र देतो.

विरोधाभास असा, की हा साचा ज्यांच्या पुस्तकांवर उभा आहे ते भातखंडे स्वतः शिकवण्यासाठी रचत होते. 'चतुर' या नावाने त्यांनी लक्षणगीतं बांधली: रागाचे आरोह-अवरोह, वादी, वर्ज्य स्वर, सगळं त्याच रागात गायलं जाणारं. व्याकरणाचं पुस्तकच गाणं झालं. शिकवायचं तर रचावं लागतं, हे पेशाने वकील असलेल्या भातखंड्यांना उमजलं होतं. आपण त्यांची गीतं पाठ केली आणि त्यांची रीत सोडून दिली.

शाळेसाठी रचना करणारे दिल्लीत झालेच नाहीत असंही नाही. मौद्गल्यांनीच लिहिलेलं गीत घेऊन १९७४ मध्ये 'एक अनेक और एकता' हा अॅनिमेशनपट निघाला. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, संगीत वसंत देसाईंचं. चिमण्या जाळ्यासकट उडतात तो, दूरदर्शनवर एका पिढीला पाठ झालेला. शैक्षणिक तंत्रज्ञान हा शब्द फीच्या पावतीवर येण्यापूर्वी या मराठी बाईंनी ते करून दाखवलं होतं.

आता नवं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं, २०२३ चा अभ्यासक्रम आराखडा आला, एनसीईआरटीने सहावीसाठी 'कृति' नावाचं कलांचं पाठ्यपुस्तक काढलं. हेतू चांगले आहेत. पण शाळा तेच शिकवते ज्याला गुण असतात, आणि पालक तेच विचारतात. माझी मागणी त्यामुळे धोरणकर्त्यांकडे नाहीच. ती अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाकडे आहे, कारण परीक्षेचा साचा आपल्या लोकांनी घडवला आणि तो तेच मोडू शकतात. प्रारंभिकपासून प्रत्येक परीक्षेत दहा गुण परीक्षार्थीने स्वतः बांधलेल्या चार ओळींना ठेवा. पेटीवर बांधो, फोनवर बांधो, गळ्यात बांधो. परीक्षकासमोर गाऊन दाखवायच्या, एवढीच अट. आणि आमच्या पुणेकर स्नेह्यांनी त्या परीक्षेला परीक्षक म्हणून यावं. दिल्लीचं जाण्यायेण्याचं भाडं मी देईन.